प्रेसला फाईल जाण्याआधी फॉन्ट कसे सांभाळायचे, आणि अडकले तर कसे सोडवायचे

स्क्रीनवर सगळं नीट दिसतंय, पीडीएफ पण बरी वाटतेय, आणि प्रूफ (छपाईआधीचा तपासायचा नमुना) हातात आल्यावर कळतं की मथळा भलत्याच टाईपात आलाय किंवा जोडाक्षरं फुटलीयेत. मग आपण फॉन्टला शिव्या घालतो. पण मी आजवर असे जेवढे घोळ निस्तरलेत त्यातल्या बहुतेक वेळा फॉन्ट बिचारा धडधाकट होता, एकाच नावाच्या दोन वेगळ्या फाईली दोन कॉम्प्युटरवर होत्या एवढंच. एकदा ४८ पानी पुस्तिकेत जवळपास प्रत्येक पानाची शेवटची ओळ पुढच्या पानावर घसरली होती, दोन्हीकडे फॉन्टचं नाव अगदी तेच, मी अर्धा दिवस पॅरग्राफ स्टाईल उलट्यापालट्या करत बसलो आणि शेवटी सहज म्हणून फॉन्टची व्हर्जन बघितली तर एकीकडे जुनी, दुसरीकडे नवी, अक्षरांच्या रुंदीत केसाएवढा फरक. केसाएवढा फरक एका ओळीत दिसत नाही, पानभर साठला की ओळ ढकलतो. म्हणून खाली जे सांगतोय त्याचा सगळा रोख एकाच गोष्टीवर आहे, फॉन्टची नेमकी कुठली फाईल वापरली जातेय हे तुम्हाला कुठल्याही क्षणी माहीत पाहिजे.

आधी बघा फॉन्ट राहतात कुठे

विंडोजमध्ये सी ड्राईव्हवर विंडोज फोल्डरच्या आत फॉन्ट्स नावाचं फोल्डर असतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण २०१८ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या १८०९ अपडेटपासून नुसतं इन्स्टॉल दाबलं तर फॉन्ट त्या फोल्डरमध्ये जातच नाही, तो तुमच्या युजर प्रोफाईलमधल्या लपलेल्या ॲपडेटा फोल्डरमध्ये जातो. काही जुने प्रोग्रॅम तिकडे बघतच नाहीत, आणि मग "अरे आत्ताच तर टाकला, लिस्टमध्ये का नाही" हा प्रकार सुरू होतो. उपाय सोपा आहे, फॉन्टवर राईट क्लिक करून इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स निवडायचं. आधीचा युजरवाला तेवढा काढून टाका, नाहीतर आता दोन झाले.

मॅकवर तीन जागा आहेत. सिस्टिमचं स्वतःचं फोल्डर, त्याला हात लावायचा नाही. मग डिस्कच्या वरच्या पातळीवरचं लायब्ररी फोल्डर, ते सगळ्या युजर्ससाठी. आणि तिसरं तुमच्या होममधलं लायब्ररी, ते फक्त तुमच्यासाठी. एकच फॉन्ट दोन ठिकाणी असेल तर कुठला उचलला जाईल हे डोक्यात ठेवत बसण्यापेक्षा फॉन्ट बुक उघडा, डुप्लिकेटवर तिथे खूण दिसते, ते तिथेच सोडवा. हेल्वेटिका हा यातला नेहमीचा गुन्हेगार, कारण मॅकच्या सिस्टिमबरोबर एक हेल्वेटिका येतो आणि डिझाईनवाल्यांकडे विकत घेतलेला दुसरा असतो, नावं सारखी आणि अक्षरांची मापं वेगळी.

एक दिवस काढून ही साफसफाई कराच. नेटवरून उतरवलेले पाच-सहाशे फॉन्ट सिस्टिममध्ये कायमचे बसवून ठेवले की प्रोग्रॅम उघडायला वेळ लागतो, मेनू अडखळतो, आणि त्यातला एखादा सडका निघाला की सगळंच खाली बसतं. सिस्टिममध्ये फक्त सिस्टिमचे आणि रोज लागणारे दहा-वीस ठेवा. बाकीचे एका वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि ते लागतील तेव्हा फॉन्ट मॅनेजरमधून चालू-बंद करायचे. मॅकवर फॉन्ट बुक बऱ्यापैकी पुरतं, विंडोजवर फॉन्टबेससारखं काहीतरी घ्या. कुठला मॅनेजर वापरता याला फारसं महत्त्व नाही, पण एका वेळी एकच वापरा, दोन मॅनेजर एकाच कॉम्प्युटरवर म्हणजे एकाने चालू केलेला फॉन्ट दुसरा बंद करतो आणि तुम्ही मधल्यामधे वेडे होता.

फाईलचा प्रकार ओळखा

पोस्टस्क्रिप्टच्या जमान्यातले टाईप १ फॉन्ट अजून बऱ्याच जुन्या हार्डडिस्कवर पडलेत. विंडोजवर त्याच्या दोन फाईली असतात, पीएफबी आणि पीएफएम, एकात अक्षरांचे आकार आणि दुसऱ्यात मापं, त्यातली एक हरवली की फॉन्ट बाद. ॲडोबीने फोटोशॉपमधून २०२१ मध्ये आणि बाकीच्या प्रोग्रॅममधून जानेवारी २०२३ मध्ये यांचा सपोर्ट काढला. म्हणजे जुनी इनडिझाईनची (ॲडोबीचा पानं लावायचा प्रोग्रॅम) फाईल आज उघडलीत आणि फॉन्ट मिसिंग म्हणाला तर फॉन्ट इन्स्टॉल असूनही म्हणेल, तेव्हा पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका, त्याच फॉन्टची ओपनटाईप (आजच्या प्रकारची) आवृत्ती मिळवा आणि बदलल्यावर ओळी हलल्यात का ते पानोपान बघा. जुन्या पीडीएफमध्ये आधीच एम्बेड झालेले, म्हणजे फाईलच्या आतच भरलेले टाईप १ मात्र ठीक आहेत, त्या छापायला काही अडचण नाही.

मॅकच्या फार जुन्या फॉन्टची आणखी एक गंमत. त्यांचा सगळा डेटा फाईलच्या अशा भागात असायचा जो फक्त मॅकलाच कळतो. पेनड्राईव्हवरून किंवा विंडोज सर्व्हरवरून फिरून आले की आकार शून्य बाईट दिसतो. ती फाईल मेलेली आहे, मूळ मॅकवर जाऊन झिप करूनच आणावी लागते.

ट्रूटाईप म्हणजे टीटीएफ आणि ओपनटाईप म्हणजे बहुतेक करून ओटीएफ, दोन्ही छपाईला चालतात. टीटीएफ प्रेसला चालत नाही ही समजूत नव्वदच्या दशकातली आहे, तेव्हाच्या रिपना (फाईलचं छपाईच्या ठिपक्यांत रूपांतर करणारी यंत्रणा) खरंच त्रास व्हायचा, आता नाही. व्हेरिएबल फॉन्ट २०१६ मध्ये आले, एकाच फाईलमध्ये बारीक ते जाड सगळी वजनं. स्क्रीनसाठी झकास, पण प्रेसच्या कामाला मी अजून स्टॅटिक, म्हणजे एका वजनाची एक अशा फाईलीच वापरतो, कारण सगळेच प्रोग्रॅम व्हेरिएबल नीट हाताळतात असं नाही. गुगल फॉन्ट्सवरून उतरवलेल्या झिपमध्ये बऱ्याचदा व्हेरिएबल फाईल बाहेर असते आणि स्टॅटिक नावाच्या फोल्डरमध्ये सुटी वजनं असतात. दोन्ही एकदम इन्स्टॉल करू नका, नाव एकच असल्याने टक्कर होते.

आणि बोल्डबद्दल. वर्डमध्ये किंवा कोरलड्रॉमध्ये बी दाबलं आणि त्या फॉन्टचा बोल्ड कॉम्प्युटरवर नसेल तर प्रोग्रॅम स्वतःच अक्षर फुगवून खोटा बोल्ड दाखवतो. स्क्रीनवर चालून जातं, छपाईच्या प्लेटवर एकतर साधा येतो नाहीतर चिकटून काळा गोळा. बोल्ड पाहिजे तर बोल्डची फाईल पाहिजे.

कामाबरोबर फॉन्ट ठेवा

प्रत्येक जॉबच्या फोल्डरमध्ये फॉन्टचं एक फोल्डर करा आणि त्या कामात वापरलेली नेमकी फाईल तिथे कॉपी करा, अगदी पहिल्या दिवशी. दोन वर्षांनी त्याच कामाची सुधारित आवृत्ती आली की हे फोल्डर सोन्याचं असतं, कारण तोवर तुमच्या कॉम्प्युटरवरच्या फॉन्टची व्हर्जन बदललेली असते.

इनडिझाईनमध्ये फाईल मेनूतून पॅकेज केलं की डॉक्युमेंट फॉन्ट्स नावाचं फोल्डर तयार होतं, आणि ती फाईल त्या फोल्डरशेजारूनच उघडली तर इनडिझाईन तिथलेच फॉन्ट त्या फाईलपुरते वापरतं, इन्स्टॉल करावे लागत नाहीत. फाईल तेवढी डेस्कटॉपवर ओढली आणि फोल्डर मागे राहिलं की जादू संपली, फॉन्ट मिसिंग. आणि ॲडोबी फॉन्ट्सवरून चालू केलेले फॉन्ट पॅकेजमध्ये येत नाहीत, समोरच्याला स्वतःच्या अकाऊंटवरून चालू करावे लागतात.

लायसनचं पण बघून घ्या. बऱ्याच विकतच्या फॉन्टमध्ये फाईल दुसऱ्याला द्यायची परवानगी नसते, अगदी प्रेसला सुद्धा. एसआयएल ओपन फॉन्ट लायसनवाले, म्हणजे मुक्त, बालू, नोटो वगैरे, बिनधास्त देता येतात. बाकी ठिकाणी पीडीएफ पाठवणं हाच सरळ मार्ग.

मिसिंग फॉन्टचा माग काढणे

इनडिझाईनमध्ये गुलाबी पट्टा दिसला की टाईप मेनूतून फाईंड अँड रिप्लेस फॉन्ट उघडा, तिथे कुठला फॉन्ट नाही आणि तो कुठे वापरलाय ते कळतं. घाईघाईत सगळं बदला असं करू नका, आधी मूळ फाईल मिळते का बघा. नाइलाजाने बदलायचाच असेल तर तिथे स्टाईल पण बदलण्याची एक खूण आहे ती लावा, नाहीतर मजकूर बदलतो पण पॅरग्राफ स्टाईलमध्ये जुना फॉन्ट तसाच राहतो आणि पुढच्या वेळी परत डोकं वर काढतो.

खरी कटकट तेव्हा, जेव्हा मिसिंग म्हणतोय पण पानावर कुठेच दिसत नाही. तेव्हा या जागा बघा: रिकामी ओळ किंवा नुसती स्पेस, फ्रेमच्या बाहेर वाहून गेलेला मजकूर, पॅरेंट पेज (सगळ्या पानांचा सामाईक साचा), बुलेटचं चिन्ह, लपवलेली लेयर. माझा अनुभव असा की दहापैकी आठ वेळा एखादी रिकामी ओळच असते. इलस्ट्रेटरमध्ये चुकून क्लिक करून सोडलेले रिकामे टेक्स्ट पॉईंट हा त्याचा भाऊ, ऑब्जेक्ट, पाथ, क्लीन अपमध्ये जाऊन रिकामे टेक्स्ट पाथ काढून टाका. आणि फॉन्ट आत लावलेल्या ईपीएस किंवा पीडीएफमध्ये असेल तर इनडिझाईनमधून तो बदलताच येत नाही, मूळ फाईल उघडून तिथे दुरुस्त करायचा.

देवनागरीचे आपले खास त्रास

इथे जरा थांबतो कारण अर्धे फोन याचेच येतात.

युनिकोड (आजची सगळीकडे चालणारी पद्धत) मजकूर टाकला आणि ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे गेला, जोडाक्षरं हलन्त दाखवत सुटी झाली, तर फॉन्ट बदलू नका. इनडिझाईनमध्ये पॅरग्राफ पॅनलच्या मेनूतून ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅरग्राफ कंपोझर (अक्षरं आणि ओळी जुळवणारा भाग) निवडा. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या टाईपखाली इंडिक ऑप्शन्स चालू करा, मग तिथेही कंपोझर मिळतो. हे स्टाईलमध्येच करून ठेवा, एकेका पॅरग्राफला लावत बसलात तर एखादा राहणारच, आणि तोच नेमका मुखपृष्ठावर असतो. कंपोझर बदलल्यावर ओळी थोड्या हलतात, म्हणून लेआऊट लावण्याआधी करा.

दुसरा भाग जुन्या फॉन्टचा. श्रीलिपी, कृतीदेव, आकृती यांच्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. फॉन्ट गेला की मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांची खिचडी, आणि युनिकोड फॉन्ट लावून ती कधीच वाचता येणार नाही, कन्व्हर्टरमधूनच काढावी लागते. कन्व्हर्ट केल्यावर रफार, ऱ्हस्व इकार आणि अवतरणचिन्हं डोळ्यात तेल घालून तपासा. या फॉन्टमध्ये टाईप करताना वर्डचं ऑटोकरेक्ट बंद ठेवायचं, कारण ते वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करतं आणि कॅपिटलच्या जागेवर दुसरंच देवनागरी अक्षर बसलेलं असतं. सरळ अवतरणाचं गोल अवतरण झालं तरी तोच घोळ.

फॉन्ट निवडतानाच एक चाचणी ओळ लावून बघा, माझी अशी आहे: क्ष ज्ञ श्र दऱ्या सुऱ्या ॲप ऑफिस द्ध ट्ट ङ्ग कर्तृत्व. ॲच्या जागी टिंबांचं वर्तुळ आलं किंवा ऱ्याचं वळण न येता तुटका र आला तर तो फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही. ल आणि श ही दोन अक्षरं पण बघा, बऱ्याच फॉन्टमध्ये मराठी आणि हिंदी वळणाचे दोन्ही आकार असतात पण मराठी आकार भाषा मराठी लावल्याशिवाय येत नाही. काही जण तर वेगळी फाईलच देतात, टिरो देवनागरीत मराठी, हिंदी आणि संस्कृत असे तीन स्वतंत्र फॉन्ट आहेत.

पीडीएफ करा आणि तपासा

एक्सपोर्ट करताना पीडीएफ-एक्स-४ किंवा प्रेस सांगेल तर एक्स-१ए (छपाईसाठी ठरवलेले पीडीएफचे प्रकार) निवडा, या प्रकारांत फॉन्ट एम्बेड असणं बंधनकारकच आहे. मग ॲक्रोबॅटमध्ये उघडून कंट्रोल-डी, मॅकवर कमांड-डी, आणि फॉन्ट्सचा टॅब. प्रत्येक नावापुढे एम्बेडेड किंवा एम्बेडेड सबसेट दिसलं पाहिजे. सबसेट म्हणजे वापरलेलीच अक्षरं आत आहेत, छपाईला पुरेसं. एखाद्या नावापुढे हे नसेल आणि खाली ॲक्च्युअल फॉन्ट म्हणून दुसरंच नाव असेल तर ती पीडीएफ पाठवायची नाही. तुमच्या स्क्रीनवर ठीक दिसतेय कारण फॉन्ट तुमच्याकडे आहे, प्रेसकडे दुसराच घुसेल. म्हणूनच शक्य असेल तर ती पीडीएफ फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर एकदा उघडून बघा.

एम्बेड होतच नसेल तर फॉन्टमध्येच मनाई असू शकते. विंडोजवर फॉन्टच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्सखाली एम्बेडिंगची परवानगी लिहिलेली असते, रिस्ट्रिक्टेड असेल तर विषय संपला, दुसरा फॉन्ट घ्या. वर्ड अशा वेळी मजकुराचं बिटमॅप करून टाकतो, सेटिंगवर अवलंबून, आणि छापल्यावर तेवढाच मजकूर धूसर दिसतो, कारण कळत नाही.

आता एक हात जोडून विनंती. आलेली पीडीएफ दुरुस्तीसाठी इलस्ट्रेटर किंवा कोरलमध्ये उघडू नका. पीडीएफ छापताना आतला फॉन्ट वापरला जातो, पण या प्रोग्रॅममध्ये उघडली की ते मजकूर एडिट करायला तुमच्या कॉम्प्युटरवरचा फॉन्ट मागतात, नसला की बदलतात, आणि देवनागरीची तर चाळणीच होते. पानं जोडायची असतील तर ॲक्रोबॅटमध्ये किंवा इनडिझाईनमध्ये प्लेस करून.

कर्व्ह करून पाठव म्हणतात तेव्हा

प्रेसवाले सरसकट कर्व्ह, म्हणजे अक्षरांचे फॉन्टशिवायचे नुसते आकार मागतात, त्यांचंही बरोबर आहे, त्यांनी बरंच भोगलेलं असतं. लोगो, मुखपृष्ठ, पत्रिका, बॅनर यांना करा, कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ. पण पुस्तकाच्या आतल्या मजकुराला नको. बारीक अक्षर थोडं जाड येऊ शकतं, फाईल फुगते, इनडिझाईनमध्ये अंडरलाईन आणि बुलेट गळून पडू शकतात, आणि शेवटच्या क्षणी एक काना राहिलेला सापडला तर तो घालायला जागा नाही. कर्व्ह नेहमी कॉपीवर, मूळ फाईल वेगळ्या नावाने सुरक्षित.

देवनागरीत आणखी एक, शिरोरेघ सलग दिसते पण प्रत्येक अक्षराचा तुकडा पुढच्यावर किंचित चढलेला असतो. कर्व्ह करून स्ट्रोक (कडेची रेघ) दिला की प्रत्येक सांध्यावर उभी रेघ उमटते. पाथफाईंडरमधून युनाईट करा, कोरलमध्ये वेल्ड, मगच स्ट्रोक द्या.

प्रोग्रॅम क्रॅश होतोय, अक्षरं कचरा दिसतायत

पहिला संशय कॅशवर, म्हणजे सिस्टिमने साठवलेल्या फॉन्टच्या तात्पुरत्या माहितीवर. विंडोजमध्ये सर्व्हिसेस उघडून विंडोज फॉन्ट कॅश सर्व्हिस थांबवा, विंडोज फोल्डरमधल्या सर्व्हिस प्रोफाईल्सच्या आत लोकल सर्व्हिसखाली फॉन्ट कॅशचं फोल्डर आहे, त्यातल्या फाईली उडवा, रिस्टार्ट करा, त्या परत तयार होतात. मॅकवर एकदा सेफ मोडमध्ये चालू करून मग नेहमीसारखं रिस्टार्ट केलं की सिस्टिमची फॉन्ट कॅश साफ होते.

तरीही क्रॅश होत असेल तर एखादा फॉन्ट सडलाय. मॅकवर फॉन्ट बुकमध्ये व्हॅलिडेट करा. त्यात नाही सापडला तर अर्धे-अर्धे करायचं: तुम्ही टाकलेले सगळे बंद करा, प्रोग्रॅम चालला तर अर्धे चालू करा. क्रॅश झाला तर दोषी या अर्ध्यात, नाही झाला तर दुसऱ्या अर्ध्यात. दोनशे फॉन्ट असले तरी आठ फेऱ्यांत एकावर येता. एकेक करून तपासणारे लोक मी पाहिलेत, संध्याकाळ होते. सापडलेला फॉन्ट नुसता बंद करू नका, काढून टाका आणि मूळ ठिकाणाहून ताजी फाईल आणा.

फाईल बरोबर, प्रिंटच चुकीचं

पीडीएफ दुसऱ्या प्रिंटरवर ठीक येत असेल तर तुमची फाईल निर्दोष आहे, गडबड ड्रायव्हरमध्ये किंवा रिपमध्ये. पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हरच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ट्रूटाईप फॉन्टऐवजी प्रिंटरमधला फॉन्ट वापरा असा पर्याय असतो, तो बदलून डाऊनलोड ॲज सॉफ्टफॉन्ट करा. सगळा मजकूर टाईपरायटरसारखा कुरियरमध्ये आला तर समजायचं की प्रिंटरला फॉन्ट पोचलाच नाही. आणि अनेक पीडीएफ जोडून केलेल्या फाईलमध्ये मधलीच अक्षरं गायब किंवा अदलाबदल झालेली दिसली तर जोडणाऱ्या सॉफ्टवेअरने एकाच नावाचे दोन सबसेट एकत्र केलेत, सुट्या पीडीएफ परत करून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जोडा.

काहीच जमत नाही आणि प्रूफ आत्ता पाहिजे, तर ॲक्रोबॅटच्या प्रिंटमध्ये ॲडव्हान्स्डखाली प्रिंट ॲज इमेज आहे. ऑफिसच्या प्रूफपुरतं ठीक, प्लेटसाठी नाही, बारीक अक्षराच्या कडा मऊ पडतात.

फाईल पाठवताना मेलमध्ये फॉन्टची नावं, त्यांची व्हर्जन आणि पानं किती एवढं लिहा, आणि जोडीला एका पानाचा स्क्रीनशॉट द्या, शक्यतो जिथे जोडाक्षरं सगळ्यात जास्त आहेत त्या पानाचा. प्रेसमधल्या माणसाला शेजारी ठेवून ताडून बघता येतं आणि प्लेट निघायच्या आधी फोन येतो.